डावीकडे ओढणारी गाडी

बऱ्याच दिवसांत काही लिहिणं झालं नाही. परवा पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, तब्येत बरी आहे ना? काही लिहिलं नाहीस." तब्येत उत्तम आहे. लिहिण्यासारखं घडलंही होतं, पण लिहायला लाज वाटत होती. आता ती जराशी ओसरली आहे, म्हणून बसलो. विषय गाडीच्या चाकांचा आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर चाकांवर काय लिहिणार, असं वाटेल. वाटू द्या...

नात्यातल्या मंडळींना आमची गाडी ठाऊक आहे. चिरंजीवांनी नवी घेतली तेव्हा जुनी वॅगन-आर आम्हाला येलदरीला आणून दिली. सौ.ना हृदयाच्या तपासणीसाठी दर महिन्याला परभणीला न्यावं लागतं. येलदरीहून जिंतूर, जिंतूरहून परभणी, जाऊन येऊन सव्वाशे किलोमीटर धरा. एसटीत बसायला जागा मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर तिचा जीव घाबरतो. म्हणून गाडी ही आमच्याकडे हौस नाही, औषधाच्या डबीसारखी गरजेची वस्तू आहे.

आमच्या भागातली काळी माती कापसाला चांगली आणि रस्त्याला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खालची जमीनच अशी हलत असेल तर वरचं डांबर किती दिवस सरळ राहणार? गेल्या वर्षी श्रावणात असाच पाण्याने भरलेला एक खड्डा मला दिसला नाही. डावं चाक धाडकन आत गेलं आणि वर आलं. सौ. म्हणाल्या, "अहो, हळू!" तोवर व्हायचं ते झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून डाव्या बाजूने कट् कट् आवाज यायला लागला. स्टेअरिंग वळवलं की जास्त.

जिंतूरला माझा एक जुना विद्यार्थी गाड्यांची कामं करतो. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक दोन्ही हातांनी धरून हलवून दाखवलं. "सर, हे बघा, खेळतंय." लोअर आर्मचा बॉल जॉइंट सैल झाला होता, एक टाय रॉड एंडही गेला होता. त्याने डावा लोअर आर्म नवा टाकला, दोन्ही टाय रॉड एंड बदलले. संध्याकाळी गाडी मिळाली. आवाज पूर्ण बंद! मी खूष. पैसे दिले, पावती सौ.च्या पिशवीत टाकली आणि घरी आलो.

मात्र एक गोष्ट तेव्हापासून जाणवत होती. गाडी सरळ चालली असली तरी स्टेअरिंग थोडं तिरकं असायचं, आणि हात सोडला की गाडी डावीकडे ओढायची. मी मनाची समजूत घातली, की आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डाव्या बाजूने चालवतो, तेव्हा गाडी थोडी डावीकडे जाणारच. यात खोटं काही नाही. पण खड्ड्यात पडण्याआधीही रस्ता तोच होता आणि तेव्हा गाडी ओढत नव्हती, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. आठ दिवसांत हाताला सवय झाली. उजवीकडे किंचित जोर लावून धरायचं, झालं! सवय लागली की माणसाला दोष दिसेनासा होतो, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल.

असे चार महिने गेले. नाताळच्या सुटीत नात येणार होती, तिला परभणीच्या रेल्वे स्टेशनवरून आणायचं होतं. आदल्या दिवशी जिंतूरला काही कामासाठी गेलो आणि पुढचं डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्या पोराने चाक काढलं, आडवं टाकलं, आणि बोलता बोलता गप्प झाला. "काका, इकडं या." बाहेरच्या बाजूने टायर जवळजवळ नवा दिसत होता. आतल्या कडेला, जी बाजू आपल्याला कधी दिसतच नाही, तिथे रबर संपून बारीक तारा चमकत होत्या. उजवं चाक काढून बघितलं, त्याचीही आतली कड गुळगुळीत झालेली. "ह्याच्यावर उद्या परभणीला जाणार होता का?" त्याने विचारलं. मी काही बोललो नाही. पुढच्या डाव्या सीटवर सौ. बसतात, अगदी त्या चाकाच्या वर.

भीतीचं रूपांतर रागात व्हायला वेळ लागत नाही. मी स्टेपनी लावून घेतली आणि थेट विद्यार्थ्याच्या गॅरेजवर गेलो. त्याच्याकडे दोन पोरं कामाला आहेत, एक गिऱ्हाईकही बसलं होतं. त्या सगळ्यांसमोर मी बोललो. काय बोललो ते लिहितोच, कारण तेवढ्यासाठीच तर हे लिहायला बसलो. म्हणालो, "शाळेत असतानाही तुझं गणित शेवटच्या पायरीला चुकायचं. इतकी वर्षं झाली, अजून तेच!" गणिताचे सर रजेवर असले की मी त्यांचे तास घ्यायचो, तेव्हाची आठवण. पोरं खाली बघून हसली. तो काही बोलला नाही. चाकाजवळ उकिडवा बसला, टायरवरून हात फिरवला, आणि घरातून एक बरा वापरलेला टायर आणून उजव्या बाजूला घालून दिला. "उद्या परभणीला जाताय ना सर, तिथं अलाइनमेंट करून घ्या," एवढंच म्हणाला. पैसे घेतले नाहीत. मला ते तेव्हा अपराधाची कबुली वाटलं!

दुसऱ्या दिवशी सौ.ना घेऊन निघालो, जपून, चाळीसच्या वेगाने. नातीची गाडी दुपारची होती, म्हणून आधी अलाइनमेंटच्या दुकानात गेलो. मशीनवाल्याने पहिला प्रश्न केला, "खाली काय काम केलं होतं? पावती आहे का? सैल भाग असेल तर अलाइनमेंट करून उपयोग नाही." सौ.ची पिशवी म्हणजे आमचं रेकॉर्ड ऑफिस. औषधांच्या चिठ्ठ्यांमधून तिने पावती काढली. पुढच्या बाजूला सामान, मजुरी, बेरीज. मागच्या बाजूला त्याचं ते ओळखीचं अक्षर, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह: आर्म आणि टाय रॉड बदलले आहेत, परभणीला अलाइनमेंट करणे, तोपर्यंत जोरात चालवू नये. खाली दोन रेघा मारलेल्या.

मी फक्त बेरीज वाचली होती. परीक्षेच्या हॉलमध्ये उभा राहून मी दरवर्षी एक वाक्य बोलायचो, "प्रश्नपत्रिका दोन्ही बाजूंनी वाचा." आणि मी स्वतः पावती उलटलीसुद्धा नव्हती.

त्या दुकानात मी तासभर बसलो आणि जे पाहिलं ते इथे सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे गाड्या आहेत आणि माझ्यासारखेच बेरीज वाचणारेही असतील.

चाकांची ठेवण तीन गोष्टींनी ठरते. पहिली, वरून पाहिलं तर पुढची दोन्ही चाकं एकमेकांना समांतर आहेत की नाही. याला टो म्हणतात. आपण चालताना पावलं आत वळवून किंवा फाकवून टाकतो, तसंच. दुसरी, समोरून पाहिलं तर चाक ओळंब्यात उभं आहे की वरून आत-बाहेर झुकलंय. हा कॅम्बर. तिसरी, बाजूने पाहिलं तर ज्या आसावर चाक वळतं तो किती मागे कललेला आहे. हा कॅस्टर. सायकलचा पुढचा फोर्क आठवा, तो सरळ उभा नसतो, तिरका असतो. त्या तिरकेपणामुळे वळण संपलं की चाक आपोआप सरळ व्हायला बघतं.

आता लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा हात, आणि टाय रॉड म्हणजे चाकाला वळवणारी काठी. ही काठी आट्यांवर फिरते आणि तिची लांबी कमी-जास्त करूनच टो जुळवतात. तिचं टोक बदललं की नवं टोक जुन्याच जागी, अगदी तेवढ्याच आट्यांवर बसेल याची खात्री कोण देणार? दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतोच. चांगला मेकॅनिक दोरीने किंवा टेपने दोन्ही टायरांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजून अंदाजे जुळवतो. पण ते मशीनपर्यंत पोचण्यापुरतं. टाय रॉड, लोअर आर्म, बॉल जॉइंट, पुढचा शॉकॲब्सॉर्बर, स्टेअरिंगचा रॅक, यांपैकी काहीही उघडलं की अलाइनमेंट करायचीच. नुसती स्टॅबिलायझरची लिंक बदलली तर सहसा गरज पडत नाही.

बहुतेक छोट्या गाड्यांत टो तेवढा सहज जुळवता येतो, कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यात ठरलेले असतात. ते चुकलेले दिसले तर कुठेतरी काहीतरी वाकलंय किंवा बुश गेलाय असं समजायचं. पुढचं चाक शॉकॲब्सॉर्बरच्या खांबावर तोलायची ही पद्धत अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते, १९४० च्या दशकातली. स्वस्त, सुटसुटीत, कमी जागेत बसणारी, म्हणून छोट्या गाड्यांना मानवली. सुटसुटीत आहे म्हणूनच तिच्यात जुळवायला फारसं काही ठेवलेलं नाही.

आमच्या गाडीच्या चारही चाकांना मशीनच्या पकडी लावल्या. समोरच्या पडद्यावर आकडे आले, पुढचे दोन्ही लाल. चाकं पुढून फाकलेली होती, प्रत्येक चाक सुमारे अर्धा अंश. मी म्हणालो, "अर्धाच अंश?" तो हसला. घरी येऊन मी हिशेब मांडला. अर्ध्या अंशाने तिरकं धरलेलं चाक एक किलोमीटर सरळ ओढत नेलं, तर ते जवळजवळ पावणेनऊ मीटर आडवं घासतं. परभणीच्या एका फेरीला, सव्वाशे किलोमीटरला, एक किलोमीटरहून जास्त! म्हणजे दर महिन्याला मी सौ.ना परभणीला नेत होतो आणि टायरला एक किलोमीटर फरफटत नेत होतो. चाकं फाकलेली असली की आतली कड आधी जाते, म्हणून बाहेरून काहीच दिसलं नाही.

त्याने आधी हवा सारखी केली, स्टेअरिंग मध्यावर बांधलं, टाय रॉडचा नट सैल करून काठी थोडी फिरवली. पडद्यावरचा आकडा हलत हलत हिरवा झाला. मग दुसरी बाजू. पाचशे रुपये झाले. दोन टायर नवे घ्यावे लागले, त्यांचा आकडा सांगत नाही, चिरंजीव वाचतात. आणि एक: बॅलन्सिंग वेगळं, अलाइनमेंट वेगळी. रिमला शिशाचे तुकडे लावतात ते बॅलन्सिंग, वेगात स्टेअरिंग थरथरू नये म्हणून. एक केलं म्हणजे दुसरं झालं असं होत नाही.

दुकानातून बाहेर पडल्यावर मी स्टेशनकडे गाडी वळवली. हात सवयीने उजवीकडे जोर लावत होता, आणि आता गाडी उजवीकडे जात होती! सौ. म्हणाल्या, "गाडी सुधारली, आता तुम्ही सुधरा." तिने पावतीबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

येताना मागच्या सीटवर नात झोपली होती. मला लहानपणचं आठवत होतं. आमच्या येलदरीचं पूर्णेवरचं धरण १९६८ साली पुरं झालं. ते बांधताना दुर्बिणीतून बघत उभे राहणारे साहेब आम्ही पोरं लांबून बघायचो. एवढे ट्रक, एवढी माणसं खोळंबलेली आणि हा एकटा एक डोळा मिटून काय बघतोय, असं वाटायचं. आणि आमच्या गावचा सुतार आठवला. बैलगाडीला नवी धाव चढवली, वरून पाणी ओतून चाक गार केलं, की काम झालं असं आम्हाला वाटायचं. तो मात्र रिकामी गाडी मऊ फुफाट्यातून चार कासरे हाकायला लावायचा आणि मागून वाकून चाकोरी बघत चालायचा. ती सरळ उमटली की मगच मजुरीचं बोलायचा.

मोजमाप हे कामानंतरचं काही नसतं, कामाचाच शेवटचा भाग असतो. आवाज बंद झाला म्हणजे दुरुस्ती झाली, हे माझं गणित. शेवटची पायरी मीच गाळली होती आणि शिक्षा त्याला केली होती.

दोन दिवसांनी जिंतूरला गेलो. फोन करून मोकळं होता आलं असतं. पण बोललो चारचौघांत, तर माफीही चारचौघांत. सुदैवाने दोन्ही पोरं होती. मी पावती काढली आणि म्हणालो, "हे तू लिहिलं होतंस, मी वाचलं नाही. चूक माझी. परवा जे बोललो ते मागे घेतो." पोरांनी या वेळी हसू आणलं नाही. तो ओशाळला. "सर, बसा आधी. चहा सांगतो."

चहा पिताना मी विचारलं, "परवा मी एवढं बोललो तेव्हा सांगितलं का नाहीस, की पावतीवर लिहिलंय म्हणून?"

"तुम्हाला उलटून कसं बोलायचं सर?"

"आणि त्या दिवशी? गाडी देताना?"

"म्हणलं होतं की. तोंडानं पण म्हणलं. तुम्ही फोनवर बोलायलात होतात, नुसती मान हलवली. मग वाटलं, सरांना दोनदा कसं सांगावं? म्हणून लिहून दिलं." थोडं थांबून म्हणाला, "दुसरं कुणी असतं तर मी चावीच दिली नसती सर, आधी समोर म्हणवून घेतलं असतं."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि ते अजून जात नाही. इतर गिऱ्हाइकांना तो दटावून सांगतो, त्यांचे जीव सांभाळतो. मला मात्र माझ्याच धाकामुळे एकदाच सांगितलं. वर्गात पोरांनी उलट बोलू नये म्हणून मी तीस वर्षं जो दरारा कमावला, तो त्या चार महिन्यांत डाव्या सीटखाली फिरत होता. आदर म्हणून आपण ज्याला मिरवतो, त्याने समोरच्याचं तोंड बंद होत असेल तर तो आपल्यालाच महाग पडतो. चाकासारखंच हेही बाहेरून दिसत नाही.

मी त्याला म्हटलं, "इथून पुढे मला दोनदा सांगायचं. ऐकलं नाही तर चावी द्यायची नाही." तो म्हणाला, "बघू सर." त्याला जमेल का, कुणास ठाऊक. पण गेल्या महिन्यात तेल बदलायला गेलो तेव्हा निघताना खिडकीशी आला आणि म्हणाला, "सर, पाच हजार किलोमीटरला परत अलाइनमेंट बघायची. काय बघायची?" मी शहाण्या मुलासारखा म्हणालो, "अलाइनमेंट." मागे पोरं हसली. या वेळचं हसू मला चाललं.

असो. लांबलं. तुम्ही एवढं करा: चाकाशेजारी बसून, गाडी बंद आणि चाकं एका बाजूला पूर्ण वळवलेली असताना, टायरच्या आतल्या कडेवरून तळहात हलक्याने फिरवा. तार निघाली असेल तर लागेल, जपून. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. टायरच्या खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीचे बारके उंचवटे असतात, रबर तिथपर्यंत झिजलं की टायर संपला. सपाट मोकळ्या रस्त्यावर गाडी एकीकडे ओढते का ते बघा. आणि मेकॅनिकची पावती उलटून वाचा.

परवा परभणीला निघायची वेळ झाली. मी किल्ली घेऊन बाहेर आलो तर सौ. आधीच तयार होऊन गाडीपाशी उभ्या. दार उघडत नव्हत्या.

"अहो, हात फिरवलात का?"

फिरवला नव्हता. पुन्हा खाली बसलो.